घरच्या वीज-मापन बोर्डाची दुरुस्ती आणि कॅलिब्रेशन: प्रकल्प नोंदी

११ जानेवारी

डीबीशेजारच्या (घराचा मेन स्विच असतो त्या वितरण पेटीशेजारच्या) खोक्यातला वीज मोजणारा बोर्ड बिघडलाय. तक्रारी तीन. घरात काहीही चालू नसताना चारही चॅनल पाऊण अँपिअरच्या आसपास करंट दाखवतात. बोर्ड मधूनच रीसेट होतो, आणि तोही बहुतेक वेळा रेडिओवरून आकडे पाठवायच्या क्षणीच. तिसरी तक्रार एकट्या चॅनल ३ ची: कधी रीडिंग बरोबर, कधी सपशेल शून्य.

पुढचं समजायला बोर्डाची कुंडली आधी मांडून ठेवतो. कंट्रोलर एटीमेगा३२८पी, ३.३ व्होल्टवर, ८ मेगाहर्ट्‌झने चालणारा. चार सीटी (वायरीतला करंट ठरावीक प्रमाणात लहान करून देणारे करंट ट्रान्सफॉर्मर), चारही एससीटी-०१३-००० जातीचे, म्हणजे चिमट्यासारखे उघडून वायरीवर बसवायचे. १०० अँपिअरला ५० मिलिअँपिअर, म्हणजे २००० ला १. प्रत्येकाच्या जॅकमागे ३३ ओहमचा बर्डन रेझिस्टर, सीटीच्या करंटचं व्होल्टेज करणारा. एडीसीला (कंट्रोलरमधल्या, व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या भागाला) उणे व्होल्टेज कळत नाही, म्हणून सगळे सिग्नल ३.३ च्या निम्म्यावर, १.६५ व्होल्टवर उचललेले आहेत. त्यासाठी दोन १०के (१०,००० ओहमचे) रेझिस्टर आणि १० मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर. चॅनल १ घराच्या मुख्य फेजवर, बाकीचे तीन वेगवेगळ्या सर्किटांवर.

ट्रान्सफॉर्मर दोन आहेत, दोन्ही ९ व्होल्टचे. एक बोर्डाच्या पुरवठ्यासाठी, दुसरा फक्त व्होल्टेजचा नमुना घेण्यासाठी. एकावर दोन्ही कामं भागवता येतात, पण रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा) करंट ओढतो तो लहरीच्या शेंड्याला, त्यामुळे शेंडा दबतो आणि आपण मोजतो तो नमुनाच वाकडा येतो. दुसऱ्या ट्रान्सफॉर्मरची जागा खर्ची घातलेली परवडली.

१२ जानेवारी

सोल्डरिंग आयर्न तापवायच्या आधी नुसत्या आकड्यांवरून किती कळतं ते पाहिलं. बरंच कळलं.

सगळं बंद असताना करंट ०.७८ अँपिअर, व्होल्टेज २३०. गुणाकार १८० व्हीए. पण त्याच वेळी वॅटच्या रकान्यात जेमतेम दोन-तीन. करंट खरोखर वाहत असता, किंवा शेजारच्या वायरीतून ५० हर्ट्‌झ शिरत असता, तर वॅटही वर गेले असते. वॅट म्हणजे व्होल्टेज आणि करंट यांच्या क्षणोक्षणीच्या गुणाकाराची सरासरी. ५० हर्ट्‌झच्या व्होल्टेजला १०० हर्ट्‌झच्या कशानेही गुणलं तर पूर्ण आवर्तनांवर उत्तर शून्य येतं. म्हणजे हा गोंगाट ५० चा नाही. नेमका ९० अंशांवर सरकलेला ५० हर्ट्‌झ असला तरी वॅट शून्य येतील, हे खरं. पण चारही चॅनलवर असा योग जुळून यायचा नाही.

चारही चॅनलना सारखाच त्रास, म्हणजे कारण सामाईक. आणि १०० हर्ट्‌झचा संशय आला की बोट आपोआप ब्रिज रेक्टिफायरकडे जातं, कारण तो लहरीचे दोन्ही अर्धे वापरतो आणि सेकंदाला शंभर शेंडे काढतो.

उरलेले दोन-तीन वॅट कुठले? तोच गोंगाट व्होल्टेजच्या चॅनलवरही असणार. करंटच्या चॅनलवर ०.७८ अँपिअर म्हणजे एडीसीचे साधारण चार आकडे. तेवढेच चार आकडे व्होल्टेजच्या चॅनलवर तीनेक व्होल्ट होतात. २३० च्या आरएमएसमध्ये (वर्गांच्या सरासरीच्या वर्गमुळात) ते दिसत नाहीत, कारण २३० चा वर्ग अधिक ३ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ २३०.०२. पण दोन्हीकडचा गोंगाट एकाच तालात असल्याने ३ गुणिले ०.७८ असे सव्वादोन वॅट खरे असल्यासारखे उमटतात. हिशोब असा शेवटच्या वॅटपर्यंत जुळला की पुढचं काम निम्म्यावर येतं.

१५ जानेवारी

मेन बंद करून बोर्ड टेबलावर आणला. सीटी आधी वायरीवरून उतरवले, मगच जॅकमधून प्लग काढले. हा क्रम उलटा करायचा नाही: वायरीत करंट वाहत असताना सीटीची दुय्यम बाजू उघडी राहिली तर तिथे मोठं व्होल्टेज तयार होतं. या जातीच्या सीटीत आत संरक्षणाचे डायोड असतात. सगळ्या सीटींत नसतात.

आणखी एक, हे वाचून कुणी डीबीत हात घालणार असेल तर: मेन स्विच बंद केला तरी मीटरकडून मेन स्विचपर्यंत येणाऱ्या वायरी जिवंतच असतात.

हा बोर्ड टेबलावर चालू ठेवून मोजमाप करता येतं, कारण मेनशी त्याचा थेट संबंध कुठेच नाही. मध्ये ट्रान्सफॉर्मर आहेत. बाजारात मिळणाऱ्या छोट्या मीटर बोर्डांत अनेकदा ट्रान्सफॉर्मरऐवजी कपॅसिटरमधून थेट पुरवठा घेतलेला असतो. तिथे बोर्डाचा ग्राउंडच फेजवर असू शकतो. तसला बोर्ड प्लगमध्ये ठेवून त्याला लॅपटॉप जोडणं म्हणजे लॅपटॉपला मेनशी जोडणं.

३.३ च्या रेषेवर मल्टिमीटर म्हणतो ३.२८. ठीक वाटावं असं. ७८०५ या ५ व्होल्टच्या रेग्युलेटरच्या इनपुटला डीसी ८.६. तेही ठीक, त्याला ७ पुरतात. पण तिथेच मल्टिमीटर एसी रेंजवर टाकला तर दीड व्होल्ट! डीसी रेंज सरासरी सांगते. सरासरीच्या आड व्होल्टेज साधारण ११.३ पासून ६ पर्यंत सेकंदाला शंभर वेळा आपटत होतं.

मग साखळी उलगडली. ७८०५ ला ६ मिळाले की तो ४.३ च्या आसपास देतो. त्याच्यामागच्या एएमएस१११७ या दुसऱ्या रेग्युलेटरला ३.३ द्यायला ४.४ लागतात, म्हणून तो ३.२ वर येतो. तेच ३.२ एडीसीचा संदर्भ. १.६५ ची बायस (सिग्नल उचलणारं व्होल्टेज) मात्र कपॅसिटरमुळे स्थिर, कारण ५के (दोन १०के समांतर) आणि १० मायक्रोफॅरड मिळून ५० मिलिसेकंदांचा काळ होतो. स्थिर व्होल्टेज हलत्या फूटपट्टीने मोजलं की व्होल्टेजच हलतंय असं दिसतं. रेडिओने पाठवायला सुरुवात केली की करंट वाढतो, खड्डा आणखी खोल जातो, २.७ व्होल्टचा ब्राउन-आउट (व्होल्टेज फार पडलं की लागणारं संरक्षण) लागतो आणि कंट्रोलर रीसेट होतो. पहिल्या दोन तक्रारींचं मूळ एकच निघालं.

पुरवठ्याच्या कपॅसिटरवर १००० मायक्रोफॅरड छापलंय. बोर्ड ६० मिलिअँपिअर घेतो, दोन शेंड्यांमध्ये साधारण ८ मिलिसेकंद जातात. १००० ला खड्डा अर्ध्या व्होल्टचा पडायला हवा. पाच व्होल्टांचा पडतोय म्हणजे शंभरच्याही आत काहीतरी उरलंय. काढून मोजला: ९४.

बाहेरून फुगलेला नव्हता, गळलेला नव्हता. ७८०५ च्या हीटसिंकला टेकून बसवला होता आणि ८५ अंशांच्या जातीचा होता. इलेक्ट्रोलिटिकचं आयुष्य दर दहा अंशांना साधारण निम्मं होतं, तेव्हा ही जागा त्याला मानवणार नव्हतीच. नवा १०५ अंशांचा घेतला, ३५ व्होल्टचा, आणि पाय लांब ठेवून हीटसिंकपासून दूर कलवला. बायसचा १० मायक्रोफॅरडही बदलला. तो मोजल्यावर ठीक निघाला, पण त्याचंही वय तेवढंच.

१६ जानेवारी

चॅनल ३. जॅकच्या एका पायाभोवती भिंगातून गोल भेग दिसली. केबलचं वजन वर्षानुवर्षं जॅकवर लटकत होतं, ड्राय सोल्डर झालं. जुनं सोल्डर शोषून काढलं, फ्लक्स लावून नवं भरलं. बाकीच्या तिन्ही जॅकनाही तीच शिक्षा. खोक्याच्या भिंतीला क्लिप मारून केबलींचं वजन तिच्यावर घेतलं.

हात गरम होते तेव्हाच बर्डन मोजून ठेवले, चॅनल १ पासून क्रमाने: ३३.९, ३३.२, ३२.६, ३३.७. पाच टक्क्यांच्या मालात एवढा फरक असणारच. एक टक्क्याचे लावायचा मोह सोडला. बर्डनची किंमत नक्की किती हे कॅलिब्रेशनमध्ये जिरतं; जिरत नाही ते तापमानाबरोबर तिचं सरकणं, आणि हे रेझिस्टर मेटल फिल्मचेच आहेत.

१८ जानेवारी

बोर्ड पुन्हा जागेवर. रीसेट थांबले. सगळं बंद असताना करंट ०.०६ अँपिअर.

हे ०.०६ कमी करायच्या मागे लागायचं नाही, ती या रचनेची तळरेघ आहे. १०-बिट एडीसीची एक पायरी ३.३ ÷ १०२४ म्हणजे ३.२ मिलिव्होल्ट. तिला ३३ ओहमने भागून २००० ने गुणलं की ०.१९५ अँपिअर. पायऱ्यांमुळे येणाऱ्या गोंगाटाचं आरएमएस पायरीच्या ०.२९ पट, म्हणजे ०.०५६. मोजलेलं ०.०६ म्हणजे आता बोर्डात पायऱ्यांखेरीज फारसं काही उरलेलं नाही.

हा आकडा सरळ वजा करून शून्य दाखवण्याची सवय बऱ्याच फर्मवेअरमध्ये (कंट्रोलरवरच्या प्रोग्रॅममध्ये) दिसते. ती चूक आहे. आरएमएस गोंगाट बेरजेने चढत नाही, वर्गांच्या बेरजेने चढतो. खरा करंट १ अँपिअर असताना ०.०६ चा गोंगाट रीडिंग १.००१८ करतो. तिथून ०.०६ वजा केले तर आपणच सहा टक्क्यांची चूक नव्याने घालतो. वजाबाकी करायचीच तर वर्गांची करावी. वॅटना याची गरज नाही, तिथे हा गोंगाट सरासरीत स्वतःच मरतो. जुन्या बोर्डावर पाऊण अँपिअरची अशी "दुरुस्ती" सॉफ्टवेअरमध्ये सहज करता आली असती आणि वाळलेला कपॅसिटर तसाच पुढे मरत राहिला असता.

१९ जानेवारी

व्होल्टेज. हे सर्वांत सोपं आणि सर्वांत आधी, कारण पुढची प्रत्येक पायरी त्याच्यावर उभी.

नमुन्याचा ट्रान्सफॉर्मर जवळजवळ भाराविना चालतो, म्हणून ९ चा असूनही ११ देतो. त्याच्यापुढे १००के आणि १०के, म्हणजे ११ ला १. कागदावरचा गुणक (एडीसीवरच्या व्होल्टेजला ज्याने गुणलं की खरं माप मिळतं तो) २३० ÷ ११ × ११ = २३०. बोर्ड २३६.४ म्हणतोय, त्याच प्लगवर मल्टिमीटर २३१.८. नवा गुणक २३० × २३१.८ ÷ २३६.४ = २२५.५.

मल्टिमीटर ट्रू आरएमएस असावा. साधा मीटर सरासरी मोजतो आणि लहर शुद्ध साइन आहे असं धरून १.११ ने गुणतो. घरातल्या एलईडी आणि चार्जरांमुळे लहरीचा शेंडा चपटा झालेला असतो, तिथे ते गृहीतक बसत नाही.

वरची मर्यादाही पाहून घेतली. १.६५ व्होल्टच्या शेंड्याला १.१६७ आरएमएस, गुणिले २२५.५, म्हणजे २६३ व्होल्टपर्यंत लहर अख्खी दिसेल, त्यापुढे डोकं कापलं जाईल. २३० च्या दहा टक्के वर म्हणजे २५३. जागा आहे, पण ऐसपैस नाही.

२४ जानेवारी

फेज, म्हणजे व्होल्टेज आणि करंट यांच्या लहरींमधलं अंशांतलं अंतर. या बोर्डावर खरा जीव खाणारं काम हेच, आणि लोक वगळतात तेही हेच.

फर्मवेअर एडीसीला आळीपाळीने पाच सिग्नल वाचायला लावतं: व्होल्टेज, मग करंट १, २, ३, ४. एका वाचनाला १०४ मायक्रोसेकंद. ५० हर्ट्‌झला पूर्ण आवर्तन २०,००० मायक्रोसेकंदांचं, म्हणजे १०४ मायक्रोसेकंदांत लहर १.८७ अंश पुढे गेलेली असते. करंट उशिरा वाचला की तो व्होल्टेजच्या पुढे धावतोय असं दिसतं. चॅनल ४ पर्यंत हा उशीर साडेसात अंशांचा होतो. शिवाय सीटी स्वतः करंटला थोडं पुढे ढकलतो, आणि नमुन्याचा ट्रान्सफॉर्मर व्होल्टेजला. त्या दोघांतला फरक उरतो.

हीटरसारख्या शुद्ध रोधी भारावर याने काही बिघडत नाही. तीन अंशांच्या चुकीला कोसाइन ०.९९८६, म्हणजे दीड दशांश टक्काही नाही. म्हणूनच हीटर लावून पॉवर फॅक्टर (वॅट भागिले व्हीए) १ येईपर्यंत फेज फिरवण्याची जी पद्धत सांगितली जाते ती मला पटत नाही. टेकडीच्या सपाट माथ्यावर उभं राहून सर्वांत उंच जागा शोधण्यासारखं आहे ते. चूक अंगावर येते ती मोटरांवर. पॉवर फॅक्टर ०.६ असलेल्या मोटरला ३.३ अंशांची चूक वॅट साडेसात टक्के वाढवते. चॅनल ४ वर पावणेनऊ-नऊ अंशांची चूक सरळ १९ टक्के.

उतारावर उभं राहायचं तर ९० अंशांचा भार हवा. मोटरचा रनिंग कंडेन्सर नेमका तसा असतो. पॉलिप्रॉपिलीनचा, आतला तोटा नगण्य, करंट व्होल्टेजच्या ९० अंश पुढे, वॅट जवळजवळ शून्य. १० मायक्रोफॅरडचा एक घेतला, एसी रेटिंग ४४० व्होल्ट, फ्यूजमधून जोडलेला. २३० व्होल्टला करंट ०.७२ अँपिअर. एवढासा करंट सीटीला पुरेसा नाही, म्हणून वायरीचे दहा वेढे सीटीतून घेतले. सीटीला वाटतं ७.२ अँपिअर वाहतोय: १६६२ व्हीए. आता एका अंशाच्या चुकीला २९ वॅट दिसतात. याहून स्पष्ट माप घरात मिळणं कठीण.

(कंडेन्सरला समांतर एक मोठा रेझिस्टर सोल्डर करून घेतला. नाहीतर प्लग काढल्यावर त्याच्या पिनांवर चार्ज राहतो आणि बोट लागलं तर चांगलाच झटका देतो.)

चॅनल १ ने दाखवले उणे ९६ वॅट. ९६ ÷ १६६२ = ०.०५७८, म्हणजे ३.३१ अंश. उणे चिन्ह बरोबरच आहे: करंट ९० च्याही पुढे दिसतोय. बाकी चॅनल क्रमाने ५.२, ७.०, ८.९. प्रत्येक पायरीला १.८७ च्या आसपास, हिशोबाप्रमाणे. चारही सीटींचा स्वतःचा फेज-दोष जवळपास सारखा आहे हेही त्यातच कळलं.

२५ जानेवारी

मोजून झालं, आता दुरुस्ती फर्मवेअरमध्ये. प्रचलित पद्धत अशी: आत्ताचं व्होल्टेज आणि आधीचं व्होल्टेज यांच्यातून रेघ ओढायची आणि ती हवी तेवढी पुढे वाढवायची. दोन फेऱ्यांमधलं अंतर ५२० मायक्रोसेकंद, ९.३६ अंश. चॅनल १ ला ३.३१ हवेत, म्हणजे ०.३५४ पाऊल पुढे. चॅनल ४ ला ०.९५३ पाऊल.

अडचण अशी की लहर वाकते, रेघ वाकत नाही. रेघ पुढे वाढवली की व्होल्टेजची उंचीही वाढते. चॅनल १ ला ०.६ टक्के, चॅनल ४ ला २.४ टक्के. फेज सुधारताना वॅट अडीच टक्क्यांनी फुगणार, आणि नंतर ते करंटच्या गुणकात दडपले जाणार. शिवाय दोन वाचनांमधला गोंगाटही त्या वाढीबरोबर मोठा होतो.

म्हणून उलट केलं. करंटचं वाचन हातात धरून ठेवायचं आणि पुढच्या फेरीचं व्होल्टेज येऊ द्यायचं. मग करंटच्या अलीकडचं आणि पलीकडचं अशी दोन्ही व्होल्टेज हाताशी असतात, रेघ बाहेर वाढवावी लागत नाही, दोघांच्या मध्येच बिंदू घ्यायचा. उंचीतली चूक उरते ती चॅनल १ ला ०.३ टक्के आणि चॅनल ४ ला एक टक्क्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. किंमत काय, तर प्रत्येक फेरीत चार आकडे जास्त लक्षात ठेवायचे. ५२० मायक्रोसेकंद उशीर झाल्याचं मीटर पाहणाऱ्या कुणालाही कळणार नाही.

कंडेन्सर परत लावला. चारही चॅनल शून्याच्या अल्याडपल्याड दोन-तीन वॅटांत.

१ फेब्रुवारी

करंटचा गुणक. कागदावर २००० ÷ ३३ = ६०.६.

तुलना कशाशी करायची हा प्रश्न. क्लॅम्प मीटर हाताशी आहे, पण साध्या क्लॅम्पची अचूकता दोन-तीन टक्के, वर शेवटचे काही आकडे इकडे-तिकडे. म्हणजे त्याच्यावरून कॅलिब्रेट केलं तर बोर्ड क्लॅम्पची नक्कल करायला शिकेल. घरचा वीज मीटर मात्र क्लास १ चा आहे, एक टक्का, आणि शेवटी बोर्डाचं जुळायला हवं ते त्याच्याशीच. त्याच्यावर ३२०० इम्पल्स प्रति युनिट असं छापलंय: लाल दिवा लुकलुकला की ०.३१२५ वॅट-तास झाले. मीटरला हात लावायचा नाही, सील तोडायचं नाही, फक्त दिव्याकडे बघायचं.

घरातलं सगळं बंद, फक्त १००० वॅटचा हीटर चालू. दिवा लुकलुकला तेव्हा बोर्डाला सिरीयलवरून "सुरू", तिथून शंभराव्या लुकलुकीला "थांब". सुरुवातीची लुकलुक शून्य धरायची. शंभर लुकलुकींचे ३१.२५ वॅट-तास. क्षणाचे वॅट जुळवण्यापेक्षा ऊर्जा जुळवलेली बरी, कारण मधल्या दोन मिनिटांत व्होल्टेज एक टक्का हललं तरी हीटरचे वॅट दोन टक्के हलतात. ऊर्जेच्या बेरजेत दोघंही तेच हलणं सोसतात. बोर्ड स्वतः जे दोन-तीन वॅट खातो तेही दोन्हीकडे मोजले जातात, कारण चॅनल १ चा सीटी मुख्य फेजवरच आहे.

बोर्डाने मोजले ३२.२. गुणोत्तर ०.९७०५, नवा गुणक ५८.८.

तीन टक्के जास्त का दाखवत होता? चॅनल १ चा बर्डन ३३.९ ओहम. ३३ धरून हिशोब केला तर तिथेच २.७ टक्के जास्त येतात. उरलेला थोडासा भाग सीटीचा. बिनकारणाचा गुणक स्वीकारायला मला आवडत नाही. १६ तारखेला बर्डन मोजले नसते तर हा आकडा नुसताच मान्य करावा लागला असता.

२ फेब्रुवारी

बाकीचे चॅनल चॅनल १ शी जुळवले. हीटरच्या वायरीचा दहा वेढ्यांचा लांबट फास करून चारही सीटी त्याच्यावर चढवले. १३ मिलिमीटरच्या भोकात दीड चौरस मिलिमीटरचे दहा वेढे दाटीवाटीने मावतात. सीटीचा जबडा पूर्ण मिटलाय ना हे मात्र प्रत्येक वेळी बघायचं, फेराइटच्या दोन तोंडांत केसाएवढी फट राहिली तरी रीडिंग पडतं. चारही चॅनलमधून एकच करंट वाहत असल्याने संदर्भ मीटरची गरजच उरत नाही. गुणक निघाले: २ ला ६०.१, ३ ला ६१.२, ४ ला ५९.३. बर्डनच्या यादीशी ताडून पाहिलं, क्रम जुळतो.

याच फासावर आणखी एक गोष्ट दिसली. दहा वेढ्यांनी ४४ अँपिअर भासवून काढलेला गुणक आणि एका वेढ्याच्या ४.४ अँपिअरवरचा गुणक यांत ०.८ टक्के फरक आहे. हा सीटी १०० अँपिअरचा, आणि त्याच्या अचूकतेची हमी दहा अँपिअरच्या वरची. घर बहुतेक वेळ त्याच्या खालीच जगतं. म्हणून एका वेढ्याचा गुणक ठेवला. हीटर-पंप एकदम चालू असतील तेव्हा अर्धा-पाऊण टक्का इकडे-तिकडे होईल, होऊ दे.

गुणक आणि फेजचे आकडे ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) लिहिले, फर्मवेअर बदललं तरी पुसले जाऊ नयेत म्हणून. सीटींवर नंबर चिकटवले. सीटी, जॅक आणि बर्डन यांची जोडी आता फुटता कामा नये.

१६ फेब्रुवारी

मीटर ४९.६ युनिट पुढे गेला, चॅनल १ म्हणतो ४९.९. सहा दशांश टक्के. मीटरचा स्वतःचा शेवटचा आकडा ०.१ युनिटचा आहे आणि त्याची हमी एक टक्क्याची, तेव्हा याहून जवळ जायचा प्रयत्न म्हणजे वेळ घालवणं.

एक काम राहिलंय. चॅनल ४ दिव्या-पंख्यांच्या सर्किटवर आहे. तिथे कधीकधी जेमतेम ०.२ अँपिअर वाहतो, म्हणजे एडीसीची एकच पायरी. दोन वाटा आहेत. बर्डन ६८ ओहमचा लावायचा, किंवा वायर सीटीतून दोनदा न्यायची. मोठा बर्डन लावला की सीटीच्या कोअरला जास्त व्होल्टेज द्यावं लागतं, चुंबकनाचा करंट वाढतो आणि फेज-दोषही वाढतो. दोन वेढ्यांनी उलट सीटी त्याच्या आवडत्या पट्ट्याकडे थोडा सरकतो.

१७ फेब्रुवारी

मेन बंद करून चॅनल ४ ची वायर सीटीतून दोनदा घेतली. गुणक निम्मा, २९.६५. पायरी आता ०.१ अँपिअरच्या आत, वरची मर्यादा ३५ अँपिअर. सर्किटचा एमसीबी १६ चा आहे. कंडेन्सर त्या सर्किटच्या प्लगमध्ये लावून फेज पुन्हा पाहिला: दोन वेढ्यांनी भासणारे ३३२ व्हीए, वॅट उणे १. ईईप्रॉममध्ये लिहिलं, खोक्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला गुणकांची चिठ्ठी चिकटवली, चॅनल ४ पुढे "दोन वेढे" असं ठळक.